पोटावरच्या सुईचे डाग

माननीय संपादक महोदय,

खुब्याच्या किंवा गुडघ्याच्या ऑपरेशननंतर, पायाच्या शिरेत गुठळी झाल्यावर आणि काही वेळा गरोदरपणातही हेपारिनच्या वर्गातली, रक्ताची गुठळी होऊ न देणारी इंजेक्शने घरीच टोचून घ्यावी लागतात. माझ्या आईच्या ऑपरेशननंतर याच वर्गातल्या एनॉक्सापॅरिनच्या भरलेल्या सिरिंज हाती देताना, बेंबीपासून दोन इंच सोडून, कातडी चिमटीत धरून सुई सरळ कशी टोचावी, जागा रोज का बदलावी आणि टोचल्यावर ती का चोळू नये, हे सारे रुग्णालयाने नीट शिकवले. कातडीवर पुढे काय उमटू शकते, याबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढला नाही.

आठव्या दिवशी टोचलेल्या जागी लाल, उंचवट्याचे आणि विलक्षण खाजणारे चट्टे उठले. माझाच हात चुकत असावा असे समजून मी आणखी दोन दिवस जागा बदलत राहिलो. ही औषधाची उशिरा उमटणारी ॲलर्जी असल्याचे नंतर त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितले. ती बहुधा पहिल्या आठवड्यानंतर दिसते, स्त्रियांमध्ये अधिक आढळते आणि वर्गातले एक औषध सोसले नाही तर दुसरेही पुष्कळदा सोसत नाही. म्हणून आईला फोंडापॅरिनक्स हे गुठळ्या रोखणारे वेगळ्या वर्गातले औषध सुरू करण्यात आले.

सुईच्या जागी येणारा निळा-जांभळा डाग वेगळा. तो खाजत नाही, काही दिवसांत पिवळट होऊन विरतो आणि त्याची धास्ती घेण्याचे कारण नसते. खरी भीती आहे ती दुखऱ्या, काळपट पडत जाणाऱ्या आणि मधोमध कातडी मरू लागलेल्या डागाची, कारण क्वचित प्रसंगी या औषधामुळेच शरीरात अशी प्रतिपिंडे तयार होतात की प्लेटलेट घटतात आणि ज्या गुठळ्या टाळण्यासाठी सुई घ्यायची, त्याच नव्याने होऊ लागतात. हे बहुधा 5 ते 10 दिवसांत घडते. असा डाग दिसताच पुढची सुई टोचण्याआधी डॉक्टरांना गाठून प्लेटलेटची तपासणी करून घ्यावी लागते. अंगभर गांधी उठून धाप लागली, तर तेवढाही वेळ नसतो. तातडीने रुग्णालयच गाठावे लागते.

साध्या खाजेला कंटाळून परस्पर सुई बंद करणारेही असतात आणि तेही घातकच, कारण पायातली गुठळी फुप्फुसात जाऊ शकते. म्हणूनच घरी सोडताना दिल्या जाणाऱ्या कागदावर या डागांमधला फरक चार ओळींत, रुग्णाच्या भाषेत छापावा आणि ॲलर्जी झाल्यास औषधाचे नाव नोंदवून द्यावे, अशी माझी रुग्णालयांना विनंती आहे. आईच्या कागदांवर आजही ‘इंजेक्शनने खाज’ एवढेच लिहिलेले आहे. कोणत्या इंजेक्शनने, ते पुढच्या डॉक्टरांना त्यावरून कळणार नाही.

आपला विश्वासू,
एक वाचक