चावी काढली तरी धडधडणारी पद्मिनी : मिस्त्रीकाकांना आभाराचं पत्र

मिस्त्रीकाका,
सप्रेम नमस्कार.

कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या 1089 सीसीच्या प्रीमियर पद्मिनी अजून रस्त्यावर ठेवणारे आम्ही काही जण मिळून हे पत्र लिहितोय. चावी बंद केल्यावरही इंजिन हिसके देत फिरत राहतं, या दुखण्यासाठी तुम्ही तपासणीचा जो क्रम लावून दिलात, त्याबद्दल मनापासून आभार. पत्र उघड लिहितोय, कारण या तक्रारीवर "हेड (इंजिनचं वरचं झाकण) खोलावं लागेल" हे उत्तर फार लवकर दिलं जातं आणि बहुतेक वेळा त्याची गरज नसते.

सगळ्यात मोठे उपकार तुमच्या पहिल्या प्रश्नाचे : स्पार्क खरंच बंद झालाय का? चावी बंद करूनही इंजिन नेहमीसारखं एकसारखं चालत असेल, तर दोष वायरिंगमध्ये शोधायचा. स्पार्कसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉइलच्या ज्या टर्मिनलला स्विचकडून तार येते, तिथे टेस्ट लॅम्पचं एक टोक आणि दुसरं बॉडीला. चावी बंद, तरी दिवा पेटलेला, म्हणजे इग्निशन स्विच गेलाय किंवा करंट दुसऱ्या वाटेने येतोय. मागाहून अल्टरनेटर आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलेल्या गाडीत तो चार्जिंगच्या लाल दिव्यातून उलटा येऊ शकतो. त्या तारेत करंट एकाच दिशेने जाऊ देणारा एक डायोड योग्य दिशेने घातला की काम होतं. टेस्ट लॅम्प विझलाय आणि इंजिन तरीही खडखडतंय, तरच कार्बोरेटरकडे वळायचं.

इथून पुढचं तुमचं शिकवणं आम्हाला सर्वात मोलाचं वाटतं. स्पार्क नसताना इंजिन पेटतं ते आतल्या तापलेल्या जागेवर : कार्बनचा निखारा, प्लगचं टोक, गास्केटची आत आलेली कड. पण त्या जागेला मिक्श्चर, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण, मिळालं तरच. ते मिळतं कुठून, तर वाढवून ठेवलेल्या आयडलिंगमधून (गाडी उभी असताना इंजिन ज्या वेगाने फिरतं तो). आणि आयडलिंग का वाढवलेलं असतं? पॉइंटची, म्हणजे स्पार्कसाठी करंट तोडणाऱ्या संपर्कांची, फायबरची टाच झिजते, गॅप कमी होतो, त्यामुळे टायमिंग (स्पार्क पडण्याची वेळ) मागे पडतं, इंजिन मंद होतं, आणि कुणीतरी थ्रॉटलचा स्क्रू फिरवून ते वर आणतं. आता थ्रॉटलचा फ्लॅप (हवेची झडप) जास्त उघडा, जळण उशिरा, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जास्त गरम. चावी बंद केली की इंजिन त्याच उघड्या फटीतून ओढत राहतं. म्हणून स्क्रूला हात लावायच्या आधी पॉइंट : फीलर गेजने (फट मोजायच्या पात्यांनी) साधारण 0.4 मिमी. गॅप बदलला की टायमिंग बदलतंच, तेव्हा ते त्यानंतर टायमिंग लाइटने लावायचं, आधी नाही. मग इंजिन पूर्ण गरम असताना, चोक पूर्ण आत ढकलून, आयडलिंग 700 ते 800 आरपीएमवर. इतक्यावर इंजिन टिकत नसेल, तर कारण शोधायचं. स्क्रू वाढवणं हा इलाज नव्हे.

ते कारण बहुधा बाहेरून घुसणारी हवा असते. कार्बोरेटरच्या बुडाचं गास्केट, मॅनिफोल्डचा (मिक्श्चर सिलिंडरकडे नेणाऱ्या नळीचा) जोड, थ्रॉटल शाफ्टचं झिजलेलं भोक. चालू इंजिनवर या जागी पाण्याचा बारीक फवारा मारायचा, डिलको (प्लगना स्पार्क वाटणारा डिस्ट्रिब्युटर) आणि प्लगच्या तारा वाचवून. आवाज बदलला तिथे गळती. कार्ब क्लीनर गरम मॅनिफोल्डवर उडवू नका, हे तुम्ही बजावून सांगितलंत, ते बरं केलंत. 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला तेवढ्याच हवेसाठी जास्त इंधन लागतं, म्हणून जुन्या जेटवर (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकावर) मिक्श्चर पातळ पडतं. मिक्श्चरचा स्क्रू थोडा उघडून पाहायचा. इलेक्ट्रिक स्लो जेट (चावी बंद केली की आयडलिंगचं पेट्रोल तोडणारा) असलेल्या कार्बोरेटरवर चावी चालू-बंद करताना 'टक' आवाज यायलाच हवा. नाही आला तर तो जेट बंद होत नाही.

प्लगच्या बाबतीत तुमची सूचना सोन्यासारखी. जास्त गरम रेंजचा (टोक जास्त तापू देणारा) प्लग हे दुखणं सुरू करतो, पण आकड्यांनी फसू नये : एनजीकेमध्ये आकडा मोठा तितका प्लग थंड, बॉशमध्ये नेमकं उलट. बदल एका पायरीचाच, नाहीतर शहरातल्या गर्दीत प्लग काळे होतील. रेडिएटर चोंदलेला असेल तर यातलं काहीच टिकत नाही.

एवढं करूनही इंजिन थांबेना, तरच हेड. ते अॅल्युमिनियमचं, म्हणून कार्बन लाकडी पट्टीने खरवडायचा, लोखंडी पत्र्याने नाही. बसवताना नट मधून बाहेरच्या दिशेने, तीन टप्प्यांत.

तोवर गाडी अडून बसलीच, तर टॉप गिअर, ब्रेकवर पाय घट्ट आणि क्लच सोडायचा. इंजिन तिथेच बंद पडतं. तसंच फिरू द्यायचं नाही, कारण ते क्षणभर उलटंही फिरू शकतं आणि मार बेअरिंगवर बसतो. घाट चढून आल्यावर अर्धा मिनिट आयडलिंगवर ठेवून मगच चावी काढायची, ही सवय तुम्ही आम्हाला लावलीत.

काका, पॉइंटची गाडी हाताळणारे हात कमी होत चाललेत. तुम्ही काही राखून न ठेवता सगळं सांगितलंत, हेड न खोलता जमेल तिथे हेडचे पैसे घेतले नाहीत, आणि तुमच्याकडच्या मुलांनाही याच क्रमाने शिकवताय. त्याबद्दल तुमचे फार फार आभार.

आपले,
पद्मिनी चालवणारे आम्ही सगळे