गणिताला जरा पुढे जाऊ दे

सातारा, रविवार दुपार

प्रिय ओजस,
अनेक आशीर्वाद. आजी आता काठी टेकत पडवीपर्यंत येते आणि दर तासाला तुझी चौकशी करते. मी गुरुवारी निघेन.

तू पाठवलेला वेळापत्रकाचा फोटो पाहिला. चार विषय, चार रंग, प्रत्येकाला रोज दीड तास. बाबांनी लगेच ‘छान’ म्हणून अंगठा उंचावला. मला मात्र ते पटलेलं नाही.

मागच्या आठवड्यात तू भौतिकचं पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात आलास आणि विचारलंस, ‘हे डीएक्स बाय डीटी काय आहे?’ माझे हात कणकेत होते. ‘तूर्त सूत्र पाठ कर,’ म्हणाले. चुकलंच माझं. मी अकरावीत होते तेव्हा असंच झालं होतं. भौतिकच्या सरांनी जूनमध्येच फळ्यावर डेरिव्हेटिव्ह (तेच डीएक्स बाय डीटी, म्हणजे बदलाचा दर) मांडले आणि गणिताच्या मॅडम तिथवर पोचल्या दिवाळीनंतर. मधले पाच महिने मला वाटत होतं की आपल्याला डोकंच नाही. शाळा सोडून घरी शिकायचं आपण ठरवलं, त्यात हा क्रम आपल्या हातात आला ही सगळ्यात मोठी सोय. ती वाया का घालवायची?

तर पहिले तीन महिने गणित रोज तीन तास कर: त्रिकोणमिती, फलन, मग विकलन, म्हणजे डेरिव्हेटिव्ह काढणं. तोवर भौतिकमध्ये सदिश आणि घरचे प्रयोग पुरेत. रसायन थांबवायची गरज नाही, मोल संकल्पनेला गुणोत्तरं आली की भागतं.

आता जीवशास्त्र. ते सोडून संगणक घ्यायचं तुझ्या मनात आहे, बाबांकडून कळलं. आयसरला, म्हणजे तुला जायचंय त्या विज्ञान संशोधन संस्थेला, भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र या चारपैकी तीन विषय बारावीला असले तरी चालतात, म्हणजे नियमाच्या बाजूने तू बरोबर आहेस. पण त्यांच्या प्रवेश परीक्षेत ६० प्रश्न असतात आणि त्यातले १५ जीवशास्त्राचे. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं की एक वजा. ते कोरे सोडलेस तर २४० पैकी ६० गुणांवर पाणी. शिवाय एनआयओएसच्या, म्हणजे आपल्या मुक्त शाळा मंडळाच्या, बारावीला पाच विषय लागतात, त्यात किमान एक भाषा. इंग्रजी धरून तुझे पाच आपोआप होतात. संगणक हवाच असेल तर सहावा घे, माझी ना नाही.

आणि प्रात्यक्षिकं. भौतिकच्या शंभरातले २० गुण अभ्यासकेंद्रावर मिळतात. तिथे पहिल्यांदा हात लावायला गेलास तर बोटं थरथरतील. म्हणून मी कुंडीच्या हुकाला लंबक बांधू दिला (माझं मनीप्लांट अजून जमिनीवर आहे!). गुरुत्व त्वरणाचं तुझं उत्तर ९.८ च्या जागी ९.६ आलं आणि तू स्टॉपवॉचला दोष दिलास. तुझी वही मी इथे घेऊन आले आहे. २० आवर्तनांना ४०.१ सेकंद, हे चांगलं मोजलंयस. लांबी लिहिली आहेस ९८ सेंटीमीटर. दोरी चेंडूच्या वरच्या टोकापर्यंत मोजलीस ना? त्या चेंडूची त्रिज्या किती आहे ते मोज आणि पुन्हा गणित कर. वहीतलं जुनं उत्तर खोडू नकोस, त्याच्याखाली नवं लिही.

विकलनाच्या पुढचं भौतिक मला शिकवता येणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. त्यासाठी कोणाकडे जायचं ते गुरुवारी तिघं बसून ठरवू.

बेसिनमध्ये परमँगनेटचा तपकिरी डाग अजून असेलच. लिंबू चोळून बघ. गेला तर का गेला, हे मी आल्यावर विचारणार आहे.

तुझी,
आई