लहरी अँटेनाच्या टोकातून निघत नाहीत

संपादक महोदय,

अँटेनाच्या टोकातून लहरी बाहेर फेकल्या जातात, असे वर्णन वारंवार छापून येते आणि सोबतचे चित्रही तसेच असते. सरळ दांडीच्या अँटेनाबाबत हे उलटे आहे: दांडी ज्या दिशेला रोखलेली असते, त्या दिशेला जवळजवळ काहीच जात नाही.

प्रारण (लहरींच्या रूपाने ऊर्जा बाहेर पडणे) होते ते विद्युतप्रभाराला त्वरण मिळाल्यामुळे. स्थिर डीसी प्रवाह कितीही मोठा असला, तरी तो लहरी सोडत नाही. १०० मेगाहर्ट्झला प्रवाह सेकंदाला दहा कोटी आवर्तने करतो. प्रवाह बदलल्याची खबर प्रकाशाच्याच वेगाने पसरते. म्हणून तारेजवळचे क्षेत्र बदलून जाते तेव्हा लांबचे अजून जुन्याच स्थितीत असते, आणि हा बदल बाहेर सरकत राहतो. तारेलगतची बरीचशी ऊर्जा मात्र प्रत्येक आवर्तनात तारेकडे परत येते. तरंगलांबीच्या (१०० मेगाहर्ट्झला ३ मीटर) साधारण एक षष्ठांश अंतरापलीकडे, म्हणजे इथे सुमारे ४८ सेंमीनंतर, सुटून गेलेला भाग वरचढ ठरतो.

अर्धतरंग डायपोलमध्ये (तरंगलांबीच्या निम्म्या लांबीच्या, मधोमध जोडणी असलेल्या दांडीत) प्रवाह मध्यावर सर्वाधिक आणि टोकांना शून्य असतो. प्रभार दांडीच्या लांबीच्या दिशेने मागेपुढे हलतो, म्हणून सर्वाधिक प्रारण दांडीला काटकोनात होते. रेडिओची अँटेना स्टेशनकडे रोखून 'खरखर जात नाही' म्हणणाऱ्यांनी ती स्टेशनच्या दिशेला काटकोनात फिरवावी किंवा उभी करावी. ३ मीटर तरंगलांबीला डायपोल १.५ मीटर यायला हवा, पण टोकांच्या परिणामामुळे तो सुमारे १.४३ मीटर ठेवावा लागतो. तार आधी थोडी लांबच कापावी, मग मोजमाप घेत छाटावी.

'छोटी पण जबरदस्त' अँटेना विकणाऱ्यांचा हिशेबही तपासावा. अर्धतरंग डायपोलचा प्रारणरोध, म्हणजे लहरींत जाणारी शक्ती दाखवणारा रोध, सुमारे ७३ ओहम असतो. लांबी तरंगलांबीच्या दहाव्या भागावर आणली, की तो जेमतेम २ ओहम उरतो. अँटेना रेडिओशी जुळवणाऱ्या कॉइलमध्येही तेवढाच रोध असला, तर निम्मी शक्ती उष्णतेत जाते.

डायपोलला कोॲक्स (मध्ये तार आणि भोवती धातूची जाळी असलेली केबल) थेट जोडली, की प्रवाह केबलच्या जाळीच्या बाहेरच्या पृष्ठभागावरूनही वाहतो आणि केबलच अँटेना बनते. मग केबल हलवली की सिग्नल बदलतो. जोडणीपाशी केबलवर योग्य फेराइट (चुंबकीय पदार्थाचे) मणी ओवले किंवा केबलचे काही वेढे घातले, की हा प्रवाह बराच आवरतो. कनेक्टरमध्ये पाणी शिरू नये म्हणून त्यावर आधी स्वतःशीच चिकटणारी रबर टेप गुंडाळावी. नुसती पीव्हीसी टेप उन्हात सुटते.

आपला,
एक रेडिओ तंत्रज्ञ