लेहच्या थंडीत उतरलेली बॅटरी

नाशिक, जानेवारी

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

काल फोन मधेच तुटला, म्हणून सगळं सविस्तर लिहून पाठवतो. लेहमधला तुझा पहिलाच हिवाळा, रात्री पारा उणे १५ च्या खाली, आणि त्यात तुझी मोटरसायकल बंद. मला खरंच तुझी काळजी वाटते आहे.

चावी फिरवली की मीटर उजळतं, पण सेल्फ दाबला की नुसतं कट-कट वाजतं, असं तू म्हणालास. म्हणजे बॅटरीत थोडा जीव आहे, स्टार्टर फिरवण्याइतका दम मात्र नाही. आता बटण दाबणं बंद कर, उरलासुरला चार्जही त्यातच चालला आहे. कडाक्याच्या थंडीत बॅटरीच्या आतली रासायनिक क्रिया मंदावते. उणे १८ च्या सुमारास धडधाकट बॅटरीचीही ताकद निम्म्यावर येते. त्यात इंजिनातलं तेल घट्ट झालेलं, म्हणजे स्टार्टरला जोर नेहमीपेक्षा जास्त हवा.

मला खरी भीती बॅटरी गोठण्याची आहे. पूर्ण चार्ज असलेल्या बॅटरीतलं आम्ल उणे ५० लाही गोठत नाही. पण बॅटरी उतरली की आम्ल पातळ होत जातं, आणि पार उतरलेली बॅटरी उणे १० च्या आसपासच गोठू शकते. म्हणून आजच काढून घरात आण. आधी मायनसची वायर सोडव, मग प्लसची. बसवताना आधी प्लस. कुठे फुगलेली किंवा तडा गेलेली दिसली तर चार्जरला मुळीच लावू नकोस, फुटू शकते. ती सरळ बदलायची.

धड असेल तर खोलीत काही तास राहू दे, आतपर्यंत ऊब पोहोचली पाहिजे. लवकर तापावी म्हणून बुखारीजवळ, म्हणजे खोली तापवायच्या शेगडीजवळ, मात्र ठेवू नकोस. चार्ज होताना हायड्रोजन निघू शकतो, त्याला ठिणगी लागायला नको. तुझी बॅटरी १२ व्होल्ट, ८ अँपिअर-अवरची आहे, तिला पाऊण-एक अँपिअरचा छोटा चार्जर पुरे, रात्रभर लावून ठेव. ट्रकच्या बॅटऱ्या चार्ज करणाऱ्याकडे देऊ नकोस, तो घाईत जास्त करंट सोडेल. चार्जर काढल्यावर पाच-सहा तासांनी व्होल्टेज मोजायचा मल्टिमीटर लाव. १२.७ व्होल्ट किंवा वर दाखवलं तर छान. पुन्हा १२ च्या खाली घसरलं तर बॅटरी गेली असं समज.

ढकलून चालू करायचा विचार डोक्यातून काढ. तुझ्या बाबांची जुनी बुलेट आपण किक मारून चालू करायचो, पण तुझ्या नव्या रॉयल एनफिल्ड क्लासिकला किकच नाही. शिवाय ती फ्युएल इंजेक्शनची गाडी, म्हणजे पेट्रोल इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने सोडणारी, पेट्रोलच्या पंपाला आणि कंट्रोलरलाही बॅटरीच लागते. आणि बर्फावर गाडी ढकलताना घसरलास तर पाय मोडून घेशील. अगदी नड आली तर शेजाऱ्याच्या कारच्या बॅटरीवरून जम्पर केबल (दोन बॅटऱ्या जोडायच्या जाड वायरी) लाव, पण कारचं इंजिन बंद ठेवूनच.

आणखी एक. रोज सकाळी दहा मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवतोस, ते थांबव. २०१७ पासूनच्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनबरोबर लागतोच, आयडलिंगला चार्जिंग जेमतेम होतं, आणि थंड इंजिन चालू करताना गेलेला चार्ज तेवढ्यात भरून निघत नाही. महिन्यातून एकदाच काढलीस तरी चालेल, पण चांगली तासभर चालव. रस्ते बर्फाने बंद असतील तोवर बॅटरी घरातच असू दे, आणि महिन्याला एकदा चार्जरला लाव. टर्मिनलवर पांढरट थर आला असेल तर घासून काढ आणि वायरी घट्ट बसवल्यावर वरून थोडं व्हॅसलीन लाव.

मल्टिमीटरवर काय आकडा आला ते लगेच कळव. नवी घ्यायची वेळ आलीच तर दुकानात जाण्याआधी मला फोन कर, म्हणजे किती जुना माल आहे ते तारखेवरून बघून घेऊ. वहिनींना नमस्कार, छोटीला गोड पापा.

तुझाच