आप्पांनी झाडाचा भाव विचारला

कोल्हापूर,
ऑगस्ट अखेर

प्रिय पद्या,

आम्ही सगळे बरे. आईचे गुडघे आहेत तसेच. लिहायचं कारण वेगळंच : परवा नर्सरीत आप्पांनी एका ऑर्किडचा भाव विचारला. होय, आप्पांनी! मंगळवार पेठेतलं घर विकल्यापासून या माणसानं कुंडीला हात लावलेला नाही. घरी सांगितलं तर सगळे म्हणाले, "मग घ्या की." तुला सांगितल्याशिवाय चैन पडेना.

भाव विचारला तो व्हांडाचा. लाकडी टोपलीत टांगलेला, खाली हातभर मुळं मोकळी. आप्पा मान वर करून बघतच राहिले. परसातल्या आंब्यावरची सीतेची वेणी आठवली असणार, तेही रानातलं ऑर्किडच. गगनबावड्याच्या रस्त्यावर वादळात पडलेल्या फांदीवरची त्यांनी आणून बांधलेली, आणि तेवढं बघून तू दाजीपुरात थेट झाडावरचीच ओढायला गेलास! "१९५८ पासून अभयारण्य आहे हे, काडीसुद्धा उचलायची नाही," म्हणून एसटीत बसेपर्यंत तुला झापत होते. चुगली मी केली असं तू अजून म्हणतोस. नाही केली रे बाबा, शंभरदा सांगितलं.

आता माझा घोर ऐक. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, बाल्कनी पश्चिमेला. एप्रिलात दुपारी तिथं अनवाणी उभं राहवत नाही. व्हांडाच्या मुळांना ना माती, ना कोळसा. उन्हाळ्यात रोज भिजवायची, कधी दोनदा. म्हणून मी दुसरं ऑर्किड, फॅलेनॉप्सिस, बघायला लागलो. स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेची, पडद्याआडून येणारा उजेड त्याला पुरतो, फुलं दोन-तीन महिने टिकतात.

माळ्यानं फुलांनी गच्च भरलेलं पुढं केलं. मी टोकाला कळ्या शिल्लक असलेलं मागितलं आणि पारदर्शक कुंडी उजेडात धरली. एका बाजूची मुळं चंदेरी, टणक. कुंडी फिरवली तर तळाशी तपकिरी. बोटानं दाबलं तर साल निघून आली, आत नुसता दोरा. ठेवलं परत. दुसऱ्याची मुळं भरीव, पाणी मारल्यावर हिरवीगार झाली, पानं ताठ. मी पैसे काढतोय तोवर आप्पांनी चष्मा कपाळावर सरकवून पान उलटं केलं. मधल्या शिरेजवळ कापसासारखा पांढरा पिठ्या ढेकूण! "हे घरात न्यायचं नाही," म्हणाले. पद्या, तो जुना आवाज होता. गलबलून आलं मला.

रिकाम्या हातानं आलो आणि तेव्हापासून झोप नाही. फॅलेनॉप्सिसला आठवड्यातून एक-दोनदा पाणी, तेही गाभ्यात साचू द्यायचं नाही, कुजतो. मग बाकीचे दिवस आप्पांनी करायचं काय? व्हांडा त्यांना रोज सकाळी बाल्कनीत आणेल. पण मेला तर? आंबा तोडला त्या दिवशी ते जेवले नव्हते, तू होतास. ते मला परत बघायचं नाही. बायको म्हणते डेंड्रोबियम घ्या, जाड कांड्यांचं, कोळशा-विटांच्या तुकड्यांत बसतं, ऊनही बरंच सोसतं. बरोबर आहे तिचं. पण आप्पांनी मान वर केली ती व्हांडाकडं बघायला.

माझं मन म्हणतंय व्हांडाच आणावा, आणि आत्ताच. हवेत ओल आहे, उन्हाळ्याआधी सहा महिने तरी जम बसवायला मिळतात. टोकं हिरवी, वाढती असलेल्या मुळांचा बघून घेईन, आणि पान आप्पांकडूनच उलटून घेईन. तुला काय वाटतं ते रविवारच्या आत फोन करून सांग.

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींना नमस्कार, चिंट्याचा दहावीचा अभ्यास चालू असेल. गणपतीला येशीलच. येताना पॉलिहाऊसवाल्या मेव्हण्याकडून हिरव्या जाळीचा तुकडा आण, बाल्कनीच्या मापाचा. ५० टक्के सावलीचीच आण, ७५ ची नको. तेवढ्या सावलीत व्हांडा फुलायचा नाही.

तुझा,
रव्या