गुंजाच्या काकांना, अगदी मनापासून

तीर्थस्वरूप काकांना साष्टांग नमस्कार,

तुम्ही मोबाईलवर काही वाचत नाही हे माहितीये, पण नातू वाचून दाखवेलच. आणि हे बाकीच्यांनीही वाचावं असं मला वाटतं म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणता आणि विषय बदलून चहा मागता.

इंदूरात कुत्र्यामांजरांचे दवाखाने आता कुठल्याही कॉलनीत सापडतात, पण घोड्याचा पाय हातात घेऊन बघणारा माणूस शोधत फिरावं लागतं. बाबांनी गुंजाला आणलं तेव्हा ती वरातीच्या कामातून सुटलेली, वयस्कर, ठेंगणीशी घोडी होती, राऊकडे आपली थोडी जमीन आहे तिथे मोकळी चरेल, पोरंटोरं अंगावरून हात फिरवतील, एवढाच विचार होता. त्या पावसाळ्यात एका सकाळी ती पुढचा डावा पाय जमिनीला टेकवेचना, नुसतं टोक लावून उभी, अंगावर घाम. जो येईल तो वेगळंच सांगत होता, कोणी म्हणे खांदा निखळलाय, कोणी म्हणे मुरगळलाय गरम तेलाने चोळा, एक जण तर म्हणाला ही आता उठायची नाही. बाबा पार हबकून गेले होते.

तेव्हा शेजारच्या वाडीवरच्या दादांनी तुम्हाला स्कूटरवर बसवून आणलं. तुम्ही खांद्याकडे बघितलंसुद्धा नाही. आधी तिच्या मानेवर हात ठेवून बोलत राहिलात, मग चिखलात खाली बसलात आणि खुराच्या वर मागच्या बाजूला जिथे बारीक शीर लागते तिथे दोन बोटं ठेवलीत. मग माझा हात धरून तिथे ठेवलात आणि म्हणालात, "बघ, उडतेय ना? आता दुसऱ्या पायाला बघ." दुसऱ्या पायाला ती शीर लागता लागत नव्हती आणि ह्या पायाला धडधड उडत होती, खूरही तापलेलं. तुम्ही तिथल्या तिथे सांगितलंत, खुरात पू झालाय, पावसात खूर मऊ पडतं, बारीक खडा नाहीतर घाण आत जाते आणि पू आतच कोंडतो, बाहेर यायला जागा नसते म्हणून जनावर एवढं कळवळतं. नालबंदाला तुम्हीच बोलावलंत, त्याने तळव्याला चिमट्याने दाबत दाबत दुखरी जागा शोधली, थोडंसं कोरलं आणि काळं, घाण वासाचं पाणी भळकन बाहेर आलं. संध्याकाळी गुंजा त्या पायावर भार देऊन उभी होती!

पुढचं सगळं तुम्ही मला शिकवलंत. कोमट पाण्यात मेडिकलवर मिळणारं एप्सम सॉल्ट घालून पाय बुडवून धरायचा, कोरडा करायचा, मग लहान बाळाचं डायपर खुराला गुंडाळायचं आणि वरून रुंद चिकटपट्टी तळव्यापासून फिरवत घट्ट लावायची म्हणजे चिखल आत जात नाही. मेडिकलवाल्याने विचारलं बाळ केवढं आहे, आईने सांगितलं चार पायाचं आहे, तो बघतच राहिला. आणि धनुर्वाताचं इंजेक्शन डॉक्टरांकडून त्याच दिवशी घ्यायला लावलंत, घोड्याला धनुर्वात फार पटकन धरतो आणि एकदा झाला की वाचणं कठीण, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं.

पण काका, मला सगळ्यात जास्त आभार मानायचेत ते उन्हाळ्यातल्या त्या रात्रीसाठी. गुंजा सारखी कुशीकडे वळून बघत होती, पुढच्या पायाने माती उकरत होती, बसायची, लोळायची, पुन्हा उठायची, दुपारपासून लीद नाही. पोटशूळ. लोक हिंग-ओवा आणि सरसोचं तेल बाटलीने तोंडात ओतायला निघाले होते, चांगल्याच मनाने, आपल्याकडे गुरांना करतातच तसं. तुम्ही फोनवरच ओरडलात, "तोंडाने काहीही घालू नका!" आल्यावर शांतपणे समजावलंत की घोड्याला उलटी करता येत नाही, पोटात गेलेलं वरून परत येत नाही, आणि बाटलीने ओतलेलं तेल श्वासनळीत गेलं तर फुप्फुसं बिघडून जनावर त्यानेच जातं. मग जबड्याखाली बोटं ठेवून घड्याळ लावून नाडी मोजलीत. निवांत उभ्या घोड्याची मिनिटाला २८ ते ४४ असते म्हणालात, हिची ६० च्या वर होती. हिरडी दाबून सोडलीत, रंग किती वेळात परत येतो बघितलंत. आणि कुशीला कान लावून कितीतरी वेळ उभे राहिलात, एका बाजूला, मग दुसऱ्या. मलाही लावायला सांगितलात. चांगल्या पोटातून लांबून ढग गडगडावेत तसा आवाज येत असतो, त्या रात्री उजव्या बाजूला काहीच नव्हतं.

तिथे तुम्ही म्हणालात, "आता हे माझ्या हातातलं नाही पोरी, डॉक्टरला बोलव, आत्ताच." आयुष्य घोड्यांमध्ये काढलेला माणूस, आजोबा होळकरांच्या पागेत घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार, चारचौघं तुमच्या तोंडाकडे बघत उभे, आणि तुम्ही क्षणभरही आढेवेढे घेतले नाहीत. मला हे फार मोठं वाटतं, कारण अशा वेळी जाणता म्हणवणारा माणूस काहीतरी करून दाखवायच्या नादात वेळ घालवतो, आणि पोटशुळात वेळ म्हणजेच सगळं. महूचं पशुवैद्यकीय कॉलेज १९५५ पासून आहे, राऊहून काही लांब नाही, तिथेच शिकलेले डॉक्टर आले, नाकातून नळी घालून थेट पोटात पातळ पॅराफिन तेल सोडलं, वेदनेचं इंजेक्शन दिलं, आतड्यात चारा अडकलाय म्हणाले. ते गेल्यावरही तुम्ही गेला नाहीत. थोडं फिरवायचं, शांत उभी असेल तर उभी राहू द्यायचं, पळवायचं मुळीच नाही, असं करत करत पहाटे तिने लीद टाकली आणि बाबा चक्क रडले.

त्यानंतर तुम्ही दर काही दिवसांनी येऊन नुसतं बघून जायचात. चंदी, म्हणजे तिचा रोजचा दाणा, निम्म्यावर आणलीत, ठेंगणं घोडं थोडक्यात तगतं, जास्त दाणा आणि गोड त्याच्या खुरावर उठतं म्हणून. आपल्या इंदूरात पाहुणा सकाळी पोहे-जिलबी घेऊन येतो आणि पहिली जिलबी घोडीला देतो, ते तुम्ही हात जोडून बंद करवलंत. रोज खरारा करताना चारही पायांवरून हात फिरवायचा, खूर उचलून साफ करायचं, ताप, लीद, पाणी बघायचं, हे आता आमच्या घरात दात घासण्याआधी होतं.

आणि मला माहितीये, वरातीच्या घोड्या ठेवणारे लोक रात्री-अपरात्री तुमच्याकडे येतात. त्यांचं पोट त्या जनावरावर असतं, रात्रभर डांबरी रस्त्यावर डीजेसमोर उभी राहिलेली घोडी लंगडायला लागली की त्यांना सुचत नाही. तुम्ही त्यांच्याकडेही तेवढ्याच मायेने जाता आणि पैसे घेत नाही. आमच्याकडूनही घेतले नाहीत, आईने दिलेली पुरणपोळी तेवढी घेतलीत.

गुंजा उत्तम आहे. नालबंद पुढच्या आठवड्यात यायचाय, पाऊस लागायच्या आत तिचे खूर तुमच्या नजरेखालून जायला हवेत, बाबा गाडी घेऊन येतील, नाही म्हणू नका. काकूंनाही आणा, त्यांना साष्टांग नमस्कार.

तुमचीच,
गुंजाच्या घरची मंडळी