शनिवारी लोणावळ्याला निघण्याआधी हे वाचा

मंडळी, आपल्या ९ गाड्या शनिवारी सकाळी ६ ला गेटवरून निघतायत, त्याआधी दोन गोष्टी, कारण परवा पार्किंगमध्ये एका सोळा वर्षांच्या पोराने वडिलांची गाडी रिव्हर्स घेताना खांबाला घासली आणि सगळे हसले, पण तीच गाडी रस्त्यावर कुणाला लागली असती तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पालकाला किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, शिवाय गाडीची नोंदणी १२ महिने रद्द. "मला माहीतच नव्हतं" हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं. चावी घरात खिळ्याला लटकवून ठेवणाऱ्यांनी जरा विचार करा (आमच्याकडेपण तसंच आहे).

आणि लायसन्स नसलेल्याच्या हातात गाडी दिली आणि अपघात झाला तर इन्शुरन्सवाले समोरच्याला आधी भरपाई देतात नि नंतर तुमच्याकडून वसूल करू शकतात.

घाट उतरताना पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकू नका प्लीज, इंजिनचा रोध जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि मग लागतच नाहीत. खालचा गिअर ठेवा. टायरची हवा शुक्रवारी रात्रीच बघा, गार असताना.

काही झालंच तर पळायचं नाही, जखमीला आधी दवाखान्यात न्यायचं, पोलिसांना लगेच कळवायचं, आणि भांडणं-बिंडणं नंतर.

पीयूसी आणि इन्शुरन्सचा फोटो शुक्रवारपर्यंत ग्रुपवर टाका, अजून ४ जणांचा बाकी आहे.